वजन कमी होईपर्यंत नवे कपडे घ्यायचे थांबावं का?

प्रश्न: वय २८. थायरॉइडमुळे वजन बरंच वाढलंय, औषधं चालू आहेत. पुढच्या महिन्यात ठाण्याहून अंधेरीला नोकरी सुरू होतेय. जुनं काही अंगात जात नाही आणि दुकानात एक्सएक्सएलसुद्धा धड बसत नाही. आई म्हणते, आधी वजन उतरू दे, मग घे, उगाच पैसे वाया. रोज काय घालू? आणि आरशात बघायची लाज वाटते, तिचं काय करू?

उत्तर:

थांबू नका. आजच्या अंगाला बसतील असे चार-पाच जोड आत्ताच घ्या. आईंचा मुद्दा पैशांचा आहे, तेव्हा आधी त्याच्याबद्दल बोलते.

माझं डोंबिवलीत घरगुती शिलाईचं आणि अल्टरेशनचं काम आहे. "ताई, जरा घट्टच शिवा, मी कमी करणार आहे" हे वाक्य माझ्याकडे टेपइतकंच रोजच्या वापरातलं आहे. मी घट्ट शिवत नाही. सैल कुर्ता केव्हाही आत घेता येतो. दोन्ही बाजूंना एकेक शिवण मारली की झालं, आमच्याकडे त्याला शंभर रुपयेही पडत नाहीत. घट्ट कुर्ता मात्र आत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, असेल तेवढाच सुटतो, आणि रेडीमेडमध्ये ती अर्धा इंच असली तर नशीब. ओव्हरलॉक मारताना बाकीचं कापड कापून टाकलेलं असतं. म्हणजे वजन उतरलं तर आजचा कुर्ता आत घेऊन वापराल, नाही उतरलं तर आहे तसा वापराल. पैसे वाया जातात ते "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून घेतलेल्या कपड्यांचे. लेबलसुद्धा न काढलेले असे कुर्ते लोक दिवाळीच्या साफसफाईत माझ्याकडे आणून देतात. हे आईंना असंच सांगा, पटेल त्यांना.

आता एक्सएक्सएल का बसत नाही ते. यात तुमच्या अंगाचा दोष शोधू नका, कारखान्यात कपडा कसा कापतात ते बघा. कंपनी एका मधल्या मापाचा नमुना बनवते आणि पुढची मापं त्यावरून ठरावीक इंच वाढवत नेते. छाती वाढली की सोबत खांदा वाढतो, गळा वाढतो. बाईचं वजन वाढतं तेव्हा खांद्याचं हाड काही रुंद होत नाही. वाढ होते पोटावर, सीटवर, दंडात, पाठीवर, आणि प्रत्येकीची वेगळीकडे. म्हणून मोठ्या मापाचा कुर्ता छातीत बसला तरी खांद्यावरून उतरतो, गळा पसरतो आणि दंडात तरीही आवळतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणींची हीच तक्रार असते, आणि आठही जणींना वाटत असतं की आपलंच अंग जगावेगळं आहे.

ही मापं मुळात ठरली कशी तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने (हो, कृषी खात्याने!) जवळपास १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. हिशोबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. पुढे १९५८ मध्ये त्या आकड्यांवर बेतलेलं अधिकृत प्रमाण निघालं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. तेव्हापासून तिथे ज्याचं त्याचं माप. आपल्याकडे तर अनेक ब्रँड अमेरिका-ब्रिटनच्या तक्त्यांत थोडी काटछाट करूनच काम भागवत आले. भारतीय अंगांची मापं घ्यायला निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने २०१९ मध्ये 'इंडियासाइझ' नावाचं सर्वेक्षण जाहीर केलं, मुंबई धरून सहा शहरांत २५ हजार लोकांचं, थ्री-डी स्कॅनरने. याचा अर्थ इतकाच, की लेबलावरचं अक्षर म्हणजे त्या कंपनीचा अंदाज आहे. एकीचा एक्सएल छातीत ४२ निघतो, दुसरीचा ४४. एकाच दिवशी एका दुकानात तुम्ही एक्सएल असाल आणि समोरच्या दुकानात थ्री एक्सएल. ते लेबल मानेला टोचतंही, घरी आल्यावर कापून टाका.

अक्षरांऐवजी इंच लक्षात ठेवा. एक टेप घ्या आणि छाती, कंबर, पोटाचा सगळ्यात मोठा घेर, सीट, दंड आणि खांदा एवढी सहा मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. माप घेताना पोट आत ओढू नका. माझ्यासमोर सगळ्या ओढतात, मी गप्पा मारत थांबते, श्वास सुटला की टेप लावते. सुती कुर्त्याला अंगाच्या मापापेक्षा दोन-तीन इंच सैलपणा लागतो, तेव्हा छाती ४४ असेल तर कुर्ता ४६-४७ हवा. ऑनलाइन घेताना तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, तेवढं नीट बघा. निम्मे कपडे तिथेच चुकतात.

रेडीमेड घ्यायचाच तर सर्वांत रुंद भागाला बसेल तो घ्या आणि बाकीचा आत घ्या. काही कुर्ते बिनबाह्यांचे असतात आणि बाह्यांचं कापड आत टाचलेलं असतं, ते तुमच्यासाठी उत्तम. बाही लावायच्या आधी खांदा हवा तेवढा कापता येतो आणि बाही दंडाच्या मापाने शिवता येते. बाही लावून झालेल्या कुर्त्याचा खांदा कमी करायचा म्हणजे सगळं उसवून पुन्हा मुंढा (बाही जोडायचा काखेजवळचा गोल काप) बसवणं, त्याचे पैसे जास्त पडतात आणि खरं सांगायचं तर आम्हाला कंटाळाही येतो.

शिवून घेणार असाल तर ड्रेस मटेरियलच्या पाकिटाच्या मोहात पडू नका. त्यात टॉपचं कापड साधारण अडीच मीटर असतं. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, मोठ्या मापाचा पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक कापावा लागतो, गुडघ्याखालपर्यंतच्या कुर्त्याला सव्वादोन-अडीच मीटर तिथेच संपतात आणि बाह्यांना उरतात चिंध्या. मग शिंपी बाह्या आखूड करतो नाहीतर घेर चोरतो. ताग्यातून तीन मीटर घ्या. ठाण्याहून तुम्हाला दादरला थेट लोकल आहे, हिंदमाताच्या कापडबाजारात एक चक्कर मारा. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, सुती तर आटतंच, रेयॉनही आटतं. आणि शिंप्याला न लाजता सांगा, "आत दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवा." औषधांनी वजन वर-खाली होईल त्याची सोय त्या मायेत आहे.

कापड कोणतं? रोजच्या लोकलला माझं मत सुती किंवा लिनन मिसळलेलं सुती. जरा ताठ कापड अंगापासून सुटं राहतं, घाम आला तरी चिकटत नाही. रेयॉन अंगावर पडतं छान, पण पोटाच्या वळीत जाऊन बसतं आणि दिवसभर ते ओढून सरळ करण्यात हात गुंततो. जॉर्जेट अस्तराशिवाय नको, आणि अस्तर सुतीच लावून घ्या. दुकानदार सिंथेटिक लावतो, मे महिन्यात त्याच्या नावाने शंख होतो. कुर्त्याच्या बाजूचे कट कंबरेच्या फार वर नकोत, पण सीटच्या खूप खालीही नकोत, नाहीतर बसल्यावर कापड ताणतं आणि शिवण कटाच्या टोकाशी फाटते. ए-लाइन, सरळ, अंगरखा, सगळं घाला. एकच आग्रह, खिसा. बाजूच्या शिवणीत तो आरामात बसतो.

ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून बघू नका. हात वर करा, लोकलची कडी धरल्यासारखा. कुर्ता अख्खा वर गेला किंवा काखेत काचलं तर मुंढा चुकलाय, सोडून द्या. मग खाली बसा. आपण नोकरीत आठ तास बसलेल्या असतो, आणि कपडे मात्र उभ्याने पसंत करतो! तिथला दिवा डोक्यावरून थेट पडणारा असेल तर प्रत्येक वळीची सावली पडते, त्या उजेडात भल्याभल्या खचतात. त्या आरशावर स्वतःबद्दलचं मत बनवू नका.

आतल्या कपड्यांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. वजन वाढलं तरी बायका जुन्याच मापाची ब्रा घालतात, पट्ट्या खांद्यात रुततात, पाठीवर वळ उठतात, आणि वरचा कुर्ता कितीही चांगला शिवला तरी बसत नाही. आधी ती बदला. मांड्या एकमेकींना घासत असतील तर कुर्त्याखाली गुडघ्यापर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट घाला. ठाणे स्टेशनचे जिने चढून आल्यावर तुम्हाला माझी आठवण येईल. लेगिंगचं इलॅस्टिक पोटात रुतत असेल तर सरळ नाडीची पँट किंवा पलाझो. आपल्या आज्यांना स्वतःचं माप कधी ठाऊकच नव्हतं, कारण नऊवारीला माप नसतं आणि पुढे गाठ मारायची चोळी अंग भरलं की थोडी सैल बांधायची, एवढंच. बाळंतपणं झाली, वयं झाली, लुगडं तेच राहिलं. तिथे परत जा असं म्हणत नाही मी, नऊवारी नेसून अंधेरीची गर्दी कोण काढणार? पण नाडीत जी सोय आहे ती इलॅस्टिकमध्ये नाही, हे खरं.

आता "शोभत नाही"वाले नियम. जाड बाईनं आडव्या रेघा घालू नयेत, सावळीनं पिवळा घालू नये, दंड दिसू देऊ नयेत, चाळिशीनंतर झगझगीत रंग नको. आडव्या रेघांचं सांगते. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि निमुळता दिसतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी बायकांच्या चित्रांवर ते तपासलं, तर उभ्या रेघांतली बाईच जास्त रुंद वाटली. त्यानंतरही यावर वाद झालेत, पण काकू लग्नात सांगतात तितका तो नियम पक्का नाही एवढं नक्की. पिवळ्याबद्दल मला शास्त्र लागत नाही. सावळ्या अंगावर हळदी रंगाची इरकल बघा आणि मग बोला.

हे नियम सगळे एकाच गोष्टीसाठी असतात: कमी दिसा. गडद घाला, ओढणी पुढे घ्या, फोटोत मागे उभ्या राहा. बारीक मुलीही सुटत नाहीत, त्यांना काटकी म्हणतात आणि "जरा भरलेली दिसशील" म्हणून दोन अस्तरं लावायला माझ्याकडे पाठवतात. काळा आवडत असेल तर जरूर काळा घाला. लपायचं म्हणून घेतलेला काळा मात्र मला लगेच ओळखू येतो, त्या बायका रंगांच्या गठ्ठ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आरशाची लाज. "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. जमलं तर उत्तम, पण अंग दुखतंय, केस गळतायत, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन पळायचंय, अशा सकाळी प्रेमबिम कुठून आणायचं? माझी अपेक्षा त्याहून खूप कमी आहे. सकाळी एकदा कपडे घातले की संध्याकाळपर्यंत स्वतःच्या अंगाचा विचार करायची गरज पडू नये. कुठे काचत नाही, काही वर सरकत नाही, वाकताना गळा धरावा लागत नाही. घट्ट कपडा दर पाच मिनिटांनी आठवण करून देतो की तू मोठी आहेस. तो काढला की लाज निम्मी तरी कमी होते, हे मी माझ्या चार बाय सहाच्या ट्रायलच्या पडद्याआड बघत आले आहे. उरलेली निम्मी लोकांनी घातलेली असते. "किती सुटलीस गं" म्हणणाऱ्यांना "हो, औषधं चालू आहेत" एवढं सांगून विषय बदला, डाएटचा सल्ला सुरू व्हायच्या आत. आणि आरसा बघणं, खाणं, बाहेर पडणं हेच नको वाटायला लागलं, तर ते कपड्यांचं काम नाही. थायरॉइडच्या डॉक्टरांनाच मोकळेपणानं सांगा, थायरॉइड बिघडला की मनही खाली जातं हे त्यांना माहीत असतं.

कपाटातले जुने, न बसणारे कपडे समोरच्या फळीवरून हलवा. सगळे देऊन टाका असं नाही, पेटीत ठेवा, पण रोज सकाळी पहिली भेट त्यांच्याशी नको. ज्यांच्यात माया आहे ते उसवून बघा. बाजूला खणाची किंवा इरकलीची पट्टी घालून दोन-तीन इंच वाढवता येतात, आणि ती पट्टी मुद्दाम डिझाइन म्हणून घातल्यासारखी दिसते. बाही दंडात आवळत असेल तर काखेत त्याच कापडाचा चौकोनी तुकडा बसवतात. जुना शिंपी असेल तर सांगावंही लागत नाही.

आणि जे काही शिवायला टाकायचं असेल ते या आठवड्यातच टाका. नवरात्र सुरू झालं की आम्ही कोणीच दिवाळीच्या आधीची तारीख देत नाही, आणि दिली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.