संकरित गाईच्या पोटी जन्मलेली कालवड अस्सल खिल्लार असते का? आयव्हीएफने, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, देशी गाय वाचेल?

हो, अस्सलच. स्त्रीबीज खिल्लार गाईचं आणि कांडी (गोठवलेलं वीर्य) खिल्लार वळूची असेल तर गर्भ कुणाच्याही पोटात वाढू दे. संकरित गाय त्याला वाढवते, चीक पाजते, पण वंश तिचा उतरत नाही.

वाचेल का, हे मात्र बीज कोणत्या गाईचं घेता त्यावर आहे. आम्ही शिरूर तालुक्यातले. इथेच वडगाव रासाईला जे. के. ट्रस्टची गर्भ तयार करणारी प्रयोगशाळा आहे, त्यामुळे हे तंत्र आमच्या भागाला नवं नाही. सासऱ्यांनी सांभाळलेल्या खिल्लार गाईंपैकी एकच उरली होती. वय झालेलं, कांडी भरून गाभण राहीना, आधीच्या वेतांना सगळे खोंड. तिचं बीज काढून घेऊ, असं मी घरात म्हटलं. सोनोग्राफीवर बघत सुईने बीज काढायचं, प्रयोगशाळेत फळवायचं, साधारण सातव्या दिवशी गर्भ दुसऱ्या गाईत सोडायचा. म्हाताऱ्या गाईला गाभणपण सोसावंच लागत नाही. शिवाय आपल्या वशिंडाच्या गाई परदेशी गाईंपेक्षा एका वेळी जास्त बीजं देतात. खोड्यात, म्हणजे गाय अडकवून ठेवायच्या चौकटीत, खिल्लार परक्याला जवळ येऊ देत नाही हे खरं, पण ही माझ्या हाताखाली शांत राहायची. दीर म्हणाले, "वहिनी, दोन लिटरच्या गाईवर कोण पैसे घालतं? गीरचे गर्भ आणू, पुण्यात देशी गाईचं ए-टू दूध म्हणून हातोहात खपेल." गीर आली. आमची म्हातारी गेली, मागे एक पाडी नाही.

गीर चांगली गाय आहे, पण ती सौराष्ट्राची. तिला तिकडे सांभाळणारे आहेत, ब्राझीलनेसुद्धा तिचे कळप वाढवले. खिल्लार आपल्या माणदेशातली, नांगराला आणि गाडीला घडलेली. तिला दुधाच्या मापाने तोलणाऱ्याने देशी गाय वाचवल्याचं सांगू नये. दाता गाय, म्हणजे जिचं बीज काढायचं ती, निवडताना चाल, खूर, काटकपणा बघायला हवा. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आमच्याकडे खोंडाला गिऱ्हाईक दारात येतं. त्या खोंडाच्या आईला कोणी विचारत नाही.

आता खर्चाचंही सांगते. निम्म्याहून जास्त गर्भ धरत नाहीत, तेव्हा हिशेब करूनच उतरा. एकाच गाईची आणि एकाच वळूची वासरं गावभर झाली तर पुढे रक्त जवळ येतं, म्हणून वळू बदलत राहा. गाय तरुण असेल तर आयव्हीएफ नकोच, खिल्लारचीच कांडी भरा. म्हातारी असेल तर घरातल्या प्रत्येकाला पटवत बसू नका, माजावर येतेय तोवर बीज काढून घ्या.