शहाद्याच्या पोरीला, अमेरिकेला निघण्याआधी

तू लिहिलंस, "ताई, ऑगस्टमध्ये केमिस्ट्रीत पीएच.डी.ला अमेरिकेला चालले. असिस्टंटशिप मिळाली आहे. पुढचं नोकरीचं वगैरे गाइड आणि डिपार्टमेंट बघतात ना? तिथे फार एकटं वाटतं का? मी काय तयारी करून येऊ?" शहाद्याहून आलेला हा प्रश्न रात्री वाचला आणि झोप उडाली. मी अमळनेरची. २०११ साली निघाले तेव्हा हाच प्रश्न माझ्याही मनात होता. फरक इतकाच की मी तो कुणाला विचारला नाही.

व्हिसा, बँक, सामानाचं वजन हे सगळं जागोजागी लिहिलेलं मिळेल, ते सांगत नाही. नावाचं तेवढं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. एका दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगच वेगळं. या तिघी एकच मुलगी आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाने बंद पाकिटात द्यायच्या गुणांच्या उताऱ्यासाठी, बाबांनी ऐन कापूस वेचणीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला पाकीट हातात आलं, पण चिकटवलेल्या तोंडावर शिक्का नव्हता, म्हणून तिकडून नाकारलं गेलं. मग चौथी खेप. बाबांनी त्या खिडकीवर एकदाही विचारलं नाही की शिक्का कुठे मारणार. साहेबाला प्रश्न करणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. मलाही वाटायचा, आणि खरं सांगायचं ते एवढंच आहे.

आमच्या अमळनेरात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवायचे, छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. हे ऐकतच आम्ही मोठे झालो. गुरू म्हणजे आई, हे आमच्या गावात नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, तसं घडून गेलेलं होतं. ती अपेक्षा घेऊन मी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत शिरले. माझे गाइड वाईट नव्हते. त्यांना अनुदान मिळवायचं होतं, पेपर छापायचे होते, सात-आठ विद्यार्थी सांभाळायचे होते. माझं पुढे काय होणार हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता, आणि तसं त्यांनी कधी भासवलंही नव्हतं. मीच धरून चालले होते.

तिथे आयडीपी म्हणून एक कागद असतो, इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन. मला काय येतं, काय येत नाही, कुठे जायचं आहे, त्यासाठी या वर्षी काय करणार, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं आणि गाइडसमोर बसून बोलायचं. २०१२ साली विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी 'मायआयडीपी' नावाची फुकट सोय निघाली. तुमची कौशल्यं, आवडी आणि मूल्यं विचारून २० प्रकारच्या कामांशी ती ताडून बघते. अमेरिकन केमिकल सोसायटीची केमिस्ट्रीवाल्यांसाठी 'केमआयडीपी' आहे. २०२४ च्या मे महिन्यापासून तर नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ज्या विद्यार्थ्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात त्यांच्या अनुदानातून होतो, त्यांचा असा आराखडा असणं आणि दरवर्षी तो ताजा करणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे तुझ्याही पुढ्यात हा कागद येण्याची शक्यता खूप आहे.

माझ्या पुढ्यात आला तेव्हा मी तो दहा मिनिटांत भरला. सरांना आवडेल ते लिहिलं. "प्राध्यापक व्हायचं आहे." मला प्राध्यापक व्हायचं नव्हतं. सरांनी सही केली, कागद फायलीत गेला.

तिसऱ्या वर्षी सर दुसऱ्या विद्यापीठात निघाले. मला बोलावून विचारलं, तुला काय करायचं आहे, सोबत येतेस की इथे दुसरा गाइड बघतेस? मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. माझ्या लेखी तो आदर होता. त्या वर्षीच्या मूल्यमापनात त्यांनी लिहिलं की काम चोख आहे, पण हिला स्वतःची दिशा नाही. वाचनालयाच्या मागच्या जिन्यात बसून खूप रडले. रागाने नाही गं. ते खरं होतं म्हणून.

मग मी मागे राहिले, गाइड बदलला आणि लोकांना विचारायला लागले. डिपार्टमेंटमधून आधी शिकून गेलेल्यांची यादी काढली आणि एकेकाला ईमेल लिहिला: नोकरी नको, तुमच्या कामाबद्दल अर्धा तास बोलाल का? बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंनी दिलं. औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट. प्रयोगशाळेत ग्रॅमभर होणारी गोष्ट किलोने कशी करायची, उष्णता कशी आवरायची, सॉल्व्हंट कमी कसा लागेल, हे त्यांचं काम. फोन ठेवला तेव्हा कळलं, मला हेच करायचं आहे. आज तेच करते. तीन वर्षं आधी फोन केला असता, तर त्या विषयाचा एखादा कोर्स घेतला असता, इंटर्नशिप मागितली असती.

म्हणून पोरी, गाइड निवडण्याआधीच त्यांना विचार: तुमचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, त्यांना किती वर्षं लागली? त्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या पाठीमागे बोल. तुझा प्रबंध तपासणाऱ्या कमिटीत एक तरी माणूस असा घे, जो तुझ्या सरांचं ऐकून मान डोलावणार नाही. केमिकल सोसायटीची मोठी अधिवेशनं वर्षातून दोनदा होतात, प्रवासखर्चासाठी विद्यापीठाकडे मागणी कर. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागितलं म्हणून कुणी तुला उर्मट म्हणणार नाही. हे मनात उतरायला मला चार वर्षं लागली. आयडीपीत खरं लिही. "माहीत नाही" हे खरं असेल तर तेही लिही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कळण्याची भाकरी नि पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आठवतं, मग सवय होते.

पण विचारायचं नाही ही सवय सुटली म्हणतेस? मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा शाळेने फॉर्म दिला, घरी कोणती भाषा बोलता? मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, मराठी आणि अहिराणी. त्यावरून त्याची इंग्रजीची चाचणी झाली. तो बुजरा, अनोळखी बाईंपुढे बोललाच नाही. मग रोज वर्गातून उठवून त्याला वेगळ्या खोलीत न्यायला लागले, इंग्रजी शिकवायला. जन्म तिथलाच त्याचा. एका बाईंनी सुचवलं, घरी इंग्रजीच बोला. आणि मी, जिन्यात बसून सगळं शिकलेली मी, "बरं" म्हणाले. पालकांना तो वर्ग नाकारता येतो हे दीड वर्षांनी दुसऱ्या एका आईकडून कळलं. तोवर घरातली अहिराणी गेली होती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, फोनवर आई त्याला विचारते, "बरा शे ना रे भाऊ?" तो माझ्याकडे बघतो.

अजून तो त्या वर्गात जातो. मंगळवारी शाळेत वेळ घेतली आहे. प्रश्न लिहून नेणार आहे, सात झालेत आत्तापर्यंत. तू तुझे लिहायला घे, आणि पहिला ईमेल पाठवण्याआधी मला दाखव.