‘मॉरल इंज्युरी’ला मराठीत काय म्हणायचं?

महाडच्या एका ताईंनी विचारलं आहे. माजी सैनिक आणि दरडी-पुरात धावून जाणारी बचावपथकातली मुलं, अशा दोघांसाठी त्या एक बैठक घेणार आहेत. ‘मॉरल इंज्युरी’ म्हणजे मनाला मुळीच न पटणारं काही करावं किंवा पाहावं लागलं, किंवा वरिष्ठांनीच दगा दिला, की मनाला होणारी जखम. पत्रकावर तिच्यासाठी ‘नैतिक इजा’ छापावं, की दुसरा शब्द आहे?

ताई, ‘नैतिक इजा’ छापू नका. शब्दाला शब्द ठेवला तर ते चुकीचं नाही, पण मराठी कानाला ते भलतंच सांगतं. आपल्याकडे ‘नैतिक’ म्हटलं की राजीनाम्यातली नैतिक जबाबदारी आठवते, नाहीतर नैतिक अधःपतन. आपल्या हातून पाप घडलं, असं ज्याला रात्रंदिवस वाटतंय, त्याच्या पुढ्यात हा कागद गेला तर तो समजेल, यांनी माझ्या नीतीवरच बोट ठेवलं. तो बैठकीला यायचाच नाही.

मूळ संज्ञा रुळवली ती मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी, 1990च्या दशकात. बोस्टनमध्ये ते व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांचा रोख होता वरून झालेल्या दग्यावर: प्रसंग जिवावरचा, आणि ज्याचा हुकूम पाळायचा तोच न्याय सोडून वागला. पुढे 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्याप्ती वाढवली. मनाला मुळीच न पटणारं आपल्या हातून होणं, ते होत असताना थांबवता न येणं, किंवा नुसतं बघत उभं राहावं लागणं, हे सगळं त्यात आलं.

आता आपल्या बोलीकडे येऊ. ‘त्याने धसका घेतला’ हे आपण सहज म्हणतो. धसका भीतीचा असतो. फटाका वाजला की अंग आक्रसणं, पाऊस वाढला की झोप उडणं, हा धसका. तुम्ही ज्याबद्दल विचारताय त्याच्या मुळाशी मात्र भीती नाही. तिथे शरम आहे, अपराधाची भावना आहे, कधी दगा झाल्याचा संताप आहे. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून तर शब्द वेगळे हवेत.

रायगडमधलंच उदाहरण घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नाही, मोठी यंत्रं चढेनात, हातांनी माती उपसावी लागली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. निर्णय कुणी का घेतलेला असेना, पाठ फिरवून डोंगर उतरणारे पाय या मुलांचे होते. माझ्या ओळखीचा एक जण तेव्हा वर गेला होता. पुढे कुणी ‘केवढं काम केलंत तुम्ही’ म्हटलं की तो उठून बाहेर जायचा. त्याचा शब्द एकच: ‘मन खातं.’

मन खाणं हे क्रियापद झालं, पत्रकाला नाम हवं. माझ्या मते ते ‘सल’. कुणी तो सल म्हणतं, कुणी ती सल, दोन्ही चालतं. मूळ संस्कृत ‘शल्य’, म्हणजे अंगात घुसून राहिलेलं बाणाचं टोक किंवा काटा. शल्यचिकित्सेतलं शल्य हेच. सुश्रुतसंहितेत शल्याची व्याख्याच अशी आहे की मनाला आणि शरीराला बाधा करतं ते शल्य. मनाचा उल्लेख तिथे आधीपासून आहे! किनाऱ्यावरच्या माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. जाळं सोडवताना शिंगाळ्याचा करवती काटा हातात मोडला की वरची कातडी मिळून येते, पण दोर ओढायला गेलं की आत ठणकतं.

रुखरुख, चुटपुट हे शब्द फार हलके; गाडी चुकल्याचीही चुटपुट लागते. ‘पश्चात्ताप’ आणि ‘अपराधगंड’ यांत दोष त्या माणसाचाच धरलेला असतो, मग ज्याला वरिष्ठांनी दगा दिला तो कुठे बसणार? सल मात्र दोन्हीकडे चालतो. मी केलं त्याचा सल, माझ्या बाबतीत केलं गेलं त्याचाही सल. हाच मला निर्णायक मुद्दा वाटतो.

शब्दासोबत क्रियापदही जपून निवडा. ‘सल विसरा’ म्हणू नका; ‘सल बोलून दाखवा’ म्हणा. ‘तुमची काही चूक नव्हती’ हे वाक्यही पहिल्याच भेटीत नको. ऐकणाऱ्याला वाटतं, यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. लिट्झ यांच्या उपचारपद्धतीत माणूस आपल्याला आदर असलेल्या, आपलं भलं चिंतणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीला मनासमोर आणतो, तिला सगळं सांगतो आणि ती काय म्हणेल तेही बोलतो. चुकीची भरपाई कशी करता येईल, हाही विचार त्यात होतो. हे वाचलं आणि मला आपलं कोकणातलं गाऱ्हाणं आठवलं. देवळात सगळ्यांदेखत चुकलंमाकलं देवापुढे मांडायचं, ‘पदरात घे’ म्हणायचं, आणि मागच्या साऱ्यांनी ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाणं म्हणजे उपचार असा माझा दावा नाही. पण बैठकीचं स्वरूप समजावताना हा शब्द वापरलात तर फौजी आंबवड्यासारख्या सैनिकांच्या गावातल्या निवृत्त सुभेदारालाही ते परकं वाटणार नाही.

पत्रकावर मी असं लिहीन: ‘कर्तव्यावर असताना जे घडलं, त्याचा सल मनात राहिला आहे का? या, बोलू. ऐकायला तुमच्यासारखेच लोक असतील.’ खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक छापा; तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ‘मॉरल इंज्युरी’ हवंच असेल तर एकदा, बारीक अक्षरात, डॉक्टरांच्या सोयीसाठी.