स्वयंपाकघरातली कपाटं आणि ओटा पुन्हा रंगवायचा आहे. दोन्हीला एकच रंग चालेल का?

नाही, दोन्हीचं काम वेगळं आहे.

कपाटांना पाण्यात मिसळणारा इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस, म्हणजे मंद किंवा मध्यम चकाकीचा. भिंतीचा इमल्शन नको; सतत हात लागून तो मळतो आणि पुसताना निघतो. तेलाचा पांढरा इनॅमल टणक असतो खरा, पण काही काळाने पिवळा पडतो.

माझ्या मते रंगाच्या ब्रँडपेक्षा खालची तयारी जास्त महत्त्वाची. आधी तेलकट थर पूर्ण काढा, विशेषतः शेगडीजवळचा आणि मुठींभोवतीचा. तेलावरच पॉलिश पेपर घासलात तर ते लाकडात आणखी मुरतं. मग १८० ते २२० नंबरच्या पेपरने घासून जुनी चकाकी घालवा, धूळ पुसा आणि प्रायमर लावा. लॅमिनेट असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमरच हवा. एका कोपऱ्यात लावून बघा: पूर्ण वाळल्यावर नखाने खरवडून निघाला तर पुढे जाऊ नका.

रंगाचे दोन पातळ हात द्या. हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात. तोवर दारं जपून वापरा, ओल्या फडक्याने घासू नका.

ओट्याला साधा रंग अजिबात नको. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी कोटिंग घ्या, खिडक्या उघड्या ठेवून. तरीही त्यावर गरम भांडं थेट ठेवू नका, भाजी चिरायला पाट वापरा. ग्रॅनाइट असेल तर रंगवूच नका, पॉलिश करून घ्या.