खिंडीत घड्याळ बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. राजगड-तोरणा एका दिवसात करणार हे ऐकून फार आनंद झाला. गुंजवण्यातून चढायचं आणि अंधार पडायच्या आत वेल्ह्यात उतरायचं, म्हणजे दिवस मोठा आहे. तुझ्या पायांची मला काळजी नाही. काळजी आहे ती मधल्या खिंडीची.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजातून बाहेर पडलीस की उतरण लागते. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि त्याखाली घसारा, म्हणजे सुटी माती-खडी, लपतो. तिथे गुडघे जरा वाकवून, पाऊल पूर्ण टेकवून उतर. खाली डांबरी रस्ता आडवा येतो, तीच खिंड. सगळ्यांना बसव, सॅक उतरवायला लाव आणि दोन गोष्टी बघ: घड्याळ आणि प्रत्येकाच्या बाटल्या. पहाटे पाचला गुंजवणं सोडलंत तर साडेदहापर्यंत इथे पोचायला हवं. बारा वाजून गेले असतील किंवा माणशी दोन लिटरही पाणी उरलं नसेल, तर त्या दिवशी तोरणा सोड आणि रस्त्याने वेल्ह्याला जा. पुढे तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत तीन तास तरी धारेवर चालायचं आहे. सावली तुरळक, आणि पाण्याचा भरवसा नाही.

मी तुझ्या वयाचा असताना एप्रिलात दुपारी एकला त्या खिंडीतून पुढे निघालो होतो. तासाभरात ढोरवाटेला लागलो. वाट कारवीत संपली, तरी वर धार दिसतेय म्हणून कारवी मोडत चढत राहिलो. मित्राच्या पोटरीत गोळा आला. हात लावला तर पोटरी दगडासारखी. पायाची बोटं वर ओढून धरली की सुटायची, हात काढला की पुन्हा आवळायची. पाणी दोन घोट उरलेलं, मीठ नव्हतंच. कसेबसे धनगराच्या घरापाशी पोचलो. तिथल्या मावशींनी काही न विचारता मीठ घातलेलं ताक दिलं. आम्ही वर तांब्याभर पाणीही मागून प्यायलो. थोड्या वेळाने त्यांची सून डोक्यावर हंडा घेऊन खालून चढून येताना दिसली, तेव्हा कळलं आपण काय प्यायलो ते. म्हणून सांगतो, वाटेत ताक मिळालं तर पैसे देऊन पी, पण त्यांच्या हंड्यातून बाटल्या भरू नकोस. निघतानाच माणशी चार लिटर घ्या.

वाट चुकल्यासारखी वाटली की जिथे शेवटची खात्री होती तिथवर मागे ये. वीस मिनिटं जातात, जाऊ देत. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेव, तू शेवटी राहा. मागे एकटा पडलेला माणूस थकल्याचं कुणाला सांगत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

बुधल्याजवळच्या चढाला एका वेळी एकानेच जायचं. वरून दगड सुटला तर जोरात ओरडून सांगायचं. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको, गुपचूप पुढे सरका. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, त्यामुळे वेल्ह्याची उतरण गुडघ्यांचा अंत पाहते. मेंगाईच्या देवळापाशी अर्धा तास बस, काहीतरी खा, मगच उतरायला लाग. चार वाजायच्या आत मात्र तिथून हल.

मीठ-साखरेची पुडी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव, तळाशी नको. आणि खिंडीतून पुढे जा की मागे फिर, रेंज असेल तर तिथूनच मला कळव.

तुझा,
काका