त्याच दाराशी परत जा

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. पहिली दीड पानं तू स्वतःला नावं ठेवण्यात घालवली आहेस, ती मी वाचून न वाचल्यासारखी केली. पुढचं कामाचं आहे. तुमच्या सर्वेत दुपारच्या फेरीत घरी सापडलेली अठरा ते एकोणतीस वयाची मुलंमुली म्हणतात, लग्न घरच्यांच्याच पसंतीनं. रात्री आठनंतर सापडलेली तसं म्हणत नाहीत. साहेबांचं म्हणणं, दोन्हींची सरासरी काढा आणि सोमवारी एका ओळीत सांगा, ठाण्या-नवी मुंबईतले तरुण बदलले की नाही. आणि मध्येच, जाता जाता लिहावं तसं, तू लिहिलंयस की घरातल्या कोणाशी बोलायचं ते ठरवणाऱ्या तक्त्यात निघालेला मुलगा जिथं भेटला नाही तिथं टीमनं शेजारच्या घरातला घेतला. 'वय तेच, शिक्षण तेच, साधारण तसाच.'

सरासरीचं मला फारसं काही वाटलं नाही. ती पुसून पुन्हा काढता येते. शेजारच्या घरातल्या मुलावरून मात्र डोकं फिरलं.

अगं, तो तसाच कसा असेल? एक दुपारी बाराला घरी होता आणि एक नव्हता, हाच दोघांतला फरक. जो नव्हता तो ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये पाळीवर आहे, नाहीतर रबाळ्याला एमआयडीसीत, नाहीतर बाइकला पेटी लावून घोडबंदर रोडवर लोकांची जेवणं पोचवतोय, नाहीतर दिव्याहून सकाळच्या गाडीला लटकून गेलाय तो रात्री दहाला उतरेल. मुलगी असेल तर नोकरीवरून क्लासला आणि क्लासवरून परस्पर मैत्रिणीकडे. घराबाहेर पडणं, हातात स्वतःचे पैसे असणं, उशिरा परतणं, म्हणजे तरुणांमधला बदल म्हणून आपण जे हुडकायला निघालो आहोत ते याच मंडळींच्या आयुष्यात चाललंय, आणि नेमकी तीच आपल्याला घरी सापडत नाहीत. मग त्यांच्या जागी घरात बसलेला एक धरायचा आणि अहवालात लिहायचं, तरुण पिढी अजून परंपराच मानते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत कायम वरचंच उचललंस तर तळाचा भात करपलाय हे कधी कळणार?

म्हणून परत जायचं. त्याच दाराशी, त्याच नावासाठी.

लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं 1949 मध्ये घरातून माणूस निवडायचा तक्ता मांडला तो कशासाठी, हे तुला वर्गात शिकवलंय. घरातल्यांची नावं वयाप्रमाणे लिहायची, तक्ता सांगेल तो माणूस घ्यायचा. दार उघडणाऱ्याशीच बोलत राहिलं तर सगळा देश दार उघडणाऱ्यांचा होऊन बसतो. तक्त्यानं एकदा नाव काढलं की ते बदलायचा अधिकार तुला नाही, टीमला नाही, साहेबांना तर नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम देवनारच्या आयआयपीएसमधून, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतं, इथून गाडीनं तासाभरावर. तिथं निवडलेलं घर बंद असलं म्हणून शेजारचं घ्यायची मुभा नाही. पुन्हा जायचं, तरी नाही भेटलं तर तसं लिहायचं. एवढा अवाढव्य सर्वे ही शिस्त पाळू शकतो आणि आपल्याला लोकमान्य नगरचा जिना दुसऱ्यांदा चढायचा कंटाळा?

साहेब म्हणतील, वेट लावू, म्हणजे जे कमी भेटले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देऊ. लावू दे. वेट लावल्यानं जे भेटले त्यांचाच आवाज मोठा होतो. न भेटलेल्या नोकरदार मुलीच्या वाटचं जर तू घरी भेटलेल्या नोकरदार मुलीकडून बोलवून घेणार असशील, तर ती त्या दिवशी घरी का होती हे आधी मला सांग. शिवाय वेट लावायचं ते कुठल्या आकड्यांवर? 2011 च्या जनगणनेवरच ना? तेव्हा ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांचा, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा होता. 2014 मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला, घोडबंदरला डोंगराच्या कडेनं टॉवर उठले, 2021 ची जनगणना झालीच नाही. आज तू ज्यांना भेटतेयस त्यातली निम्मी तेव्हा शाळेत होती, आणि कितीतरी तर या जिल्ह्यातच नव्हती. कोपरखैरण्याला पीजीत राहणाऱ्या मुलांची मतदार यादीतली नावं अजून जळगाव नि साताऱ्याला आहेत. तेव्हा यादीवर विसंबू नकोस, वेटवर तर त्याहून नको. पायांवर विसंब.

आता तुझा प्रश्न. दुपारचं खरं की रात्रीचं?

तुझ्या मनात उत्तर आधीच ठरलेलं दिसतंय. दुपारी आई समोर बसलेली, म्हणून पोरं घाबरून बोलली; रात्री मोकळी होती, खरं बोलली. हे इतकं सोपं असतं तर मी केव्हाच निवृत्त होऊन नौपाड्यात पापड लाटत बसले असते. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं एक घर सांगते. तक्त्यात धाकटा मुलगा निघाला. आई म्हणाली, 'त्याचं काय विचारताय, तो त्याच्याच मनाचा. एक दिवस आणून उभी करेल दारात, आम्ही मनाची तयारी ठेवलीय.' माझ्याबरोबरच्या पोरानं खूण करायला पेनचं टोपण काढलंसुद्धा. त्याला तिथून उठवला. मुलगा भेटला तो बऱ्याच खेपांनंतर, एका रात्री साडेदहाला. गळ्यात कंपनीचं कार्ड, आत पाहुणे झोपलेले, म्हणून जिन्यातच बसलो, विजेच्या मीटरांखाली. बूट काढून त्यानं मांडीशी ठेवले होते, कोणी उचलून नेईल म्हणून. प्रश्न वाचला. म्हणाला, 'मॅडम, मुलगी आईनंच बघावी. मला बारा बारा तास ड्यूटी, मी कुठं बघत बसू? आणि उद्या बिनसलंच तर घरचे पाठीशी राहतील. मी आणली तर म्हणतील, तूच निस्तर.'

शेवटची दोन वाक्यं मी फॉर्मच्या समासात उतरवून घेतली, कारण फॉर्ममध्ये त्यांना जागा नव्हती. कोड पडला तो 'घरच्यांच्या पसंतीनं'. तुझ्या दुपारच्या मुलांना पडला तोच. आता याला परंपरा म्हणायचं की हिशेब? त्याच्या आजोबांनी जे मुकाट्यानं मान्य केलं असतं तेच हा विचार करून, भाव करून मान्य करतोय. मला विचारशील तर बदल तो हाच. पण तो दिसला कधी, परत गेल्यावर. आईचंच उत्तर त्याच्या नावावर टाकलं असतं तर तो बंडखोर म्हणून मोजला गेला असता.

तर दोन्ही फेऱ्यांतली उत्तरं खरी आहेत, फक्त ती कोणाच्या कानांवर पडत होती ते तुझ्या टॅबमध्ये नाही. खोलीत कोण होतं हा रकाना फॉर्मला जोड आणि मग बघ. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न बाई एकटी असल्याशिवाय विचारतच नाहीत. लग्नाचा प्रश्न काय कमी नाजूक आहे? जातीबाहेरचं विचारतेस तेव्हा तर सासूच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा उत्तर फिरवतो.

वॉचमन आत सोडत नाही हे तुझं रडगाणं मी ऐकून घेणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र दे, दोन दिवस थांब, परत जा. गावठाणातलं म्हणशील तर तिथली अडचण मी मान्य करते. घणसोली गावात उजव्या हाताचा नियम, म्हणजे घरं उजव्या हाताला ठेवत ओळीनं जायचं, तो धरून चाललीस तर तिसऱ्या वळणावर पुन्हा त्याच मारुतीसमोर येतेस. आगरी कुटुंबाचं एक घर म्हणून मोजतेस ती चार मजली इमारत निघते, वरच्या खोल्यांत भाडोत्री पोरं. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, हे टीमला पुन्हा एकदा बजाव. भाडोत्र्यांना वगळलंस तर नवी मुंबईतली निम्मी तरुण मंडळी वगळलीस म्हणून समज.

हे झालं एका फेरीचं. साहेबांचा प्रश्न मात्र 'बदलले का' असा आहे, आणि एकदाच जाऊन त्याचं उत्तर द्यायला निघणं म्हणजे शुद्ध थाप. आज बावीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या बापापेक्षा वेगळं बोलतो. का? तो अजून बावीसचा आहे म्हणून, की त्याची पिढीच वेगळी म्हणून, की सध्याचा काळच सगळ्यांना तसं बोलायला लावतोय म्हणून? एका फेरीत हे तिन्ही एकमेकांत कालवलेलं असतं. ठाण्याहून वाशीला थेट गाडी 2004 मध्ये सुरू झाली. त्यानंतर कळव्यातल्या ज्या मुली कॉलेजला वाशीला जाऊ लागल्या त्या वेगळ्या बोलतात हे माझं जुनं निरीक्षण. पण ते गाडीमुळं, वयामुळं की मोबाइलमुळं, हे त्याच मुलींना दहा वर्षांनी पुन्हा भेटल्याशिवाय कोणाच्या बापाला सांगता येणार नाही.

सरकारचं उदाहरण घे. टाइम यूज सर्वेमध्ये मतं विचारत नाहीत, आदल्या दिवसाचे चोवीस तास विचारतात. 2019 मध्ये स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्या कामातला दिवसाचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं, पुरुषाचा 97. 2024 मध्ये पुन्हा जाऊन तेच विचारलं: बाईची 289, पुरुषाची 88. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानं स्वतःचीही नऊ वाचवून घेतली! तुझ्या फॉर्ममध्ये 'घरकाम दोघांनी वाटून करावं' याला पोरं धडाधड हो म्हणाली असतील. म्हणू देत. ही मिनिटं परत गेल्यामुळं कळली, आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारल्यामुळं कळली.

आता माझं थोडं ऐक, नाही आवडलं तरी. मीही असा एक अभ्यास मांडला होता. किसन नगर आणि कोपरखैरणे, अठरा ते चोवीस वय, पाच पाच वर्षांनी त्याच माणसांकडे जायचं. पहिली फेरी झाली. पत्ते उत्तरांपासून वेगळे काढून वहीत उतरवले, वही कुलपात. दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा पैसे देणाऱ्या संस्थेनं कळवलं, विषय जुना झाला, आता 'युवक आणि सोशल मीडिया' असं काही आणा. मी भांडले. मला हट्टी म्हणाले, खर्चिक म्हणाले, एक गृहस्थ तर म्हणाले की बाईंना सर्वे नको, नातेवाईक हवेत. पुढं काही वर्षं मला मोठं काम मिळालं नाही. माझ्याबरोबरच्यांची बांद्र्याला ऑफिसं झाली आणि ते टीव्हीवर संध्याकाळी सहाला आकडे सांगतात. सांगोत बापडे. त्यांच्या एकाही तक्त्याखाली 'किती दारं उघडली नाहीत' हा आकडा मी पाहिलेला नाही. माझ्या प्रत्येक तक्त्याखाली तो आहे, आणि त्या एका ओळीपायी मी कामं घालवली असतील तर घालवली.

दुखतं ते वेगळं. ती मुलं आता चाळिशीच्या पुढं गेली. त्यांची पंचविशी आणि तिशी मला विचारायची होती, ती आता कोणीही कितीही पैसे टाकून विचारू शकत नाही. आठवून सांगतील ते आजचं असेल. किसन नगरात क्लस्टरचं, म्हणजे जुन्या इमारती एकगठ्ठा पाडून नव्या बांधायचं काम निघालं, वहीतले काही पत्तेच राहिले नाहीत. तुझ्या हातात अजून पहिली फेरी आहे आणि तू शेजारच्या घरातला मुलगा घेऊन मोकळी होतेस, म्हणून मी अशी तोंड सोडून लिहितेय.

सोमवारचं सांगते. साहेबांकडे बारा दिवस माग. आठ देतील, घे. बदली घेतलेले सगळे फॉर्म बाजूला काढ, फाडू नकोस, पण आकड्यांत धरू नकोस. मूळ नावांकडे नव्यानं जायचं, भेटीच्या नोंदीत वेळ आणि काय झालं ते दर खेपेला लिहायचं: घर बंद, माणूस बाहेर, नकार, तिन्ही वेगळं. 'नंतर या' हा नकार नव्हे, तुझ्या टीमनं तो नकारात टाकलाय, मी पाहिलं. साहेबांना एका ओळीत उत्तर हवंच असेल तर लिही, 'निवडलेल्यांपैकी इतके भेटले, इतके भेटले नाहीत, भेटलेल्यांचं म्हणणं असं.' त्यावर ते चिडले तर माझं नाव सांग. माझ्यावर ते आधीपासून चिडलेलेच आहेत.

आणि जेवत जा गं वेळेवर. उपाशी पोटी संध्याकाळची फेरी करू नकोस, माणूस प्रश्न भराभर वाचतो.

दिव्याची राहिलेली घरं रविवारी आपण दोघी करू. सकाळी नऊच्या आत दिवा स्टेशनला, पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी. दहानंतर पोरं क्रिकेटला जातात आणि मग संध्याकाळपर्यंत कोणी हाताला लागत नाही. मुंब्र्याच्या भेटींची नोंदवही अजून माझ्याकडे आलेली नाही, ती येताना आण.

तुझी,
मॅडम