सॅनिटायझर जवळ असताना साबणाने हात धुण्याची गरज आहे का?

हो, आहे. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल (निदान ६० टक्के हवं) फ्लू किंवा कोरोनासारख्या विषाणूंचं बाहेरचं चरबीचं आवरण फोडतं आणि विषाणू निकामी होतो. पण सगळ्या विषाणूंना असं आवरण नसतं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला ते नाही, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. काही जिवाणूंचे बीजाणूही (म्हणजे जाड कवचातली त्यांची सुप्त रूपं) अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणाचं काम वेगळं आहे. तो आवरण तर फोडतोच, शिवाय मळ आणि तेलकटपणा सोडवतो, आणि जे मेलं नाही तेही पाण्याबरोबर वाहून जातं. हात मळलेले किंवा ओशट असतील तर सॅनिटायझर जंतूंपर्यंत नीट पोहोचतच नाही.

म्हणून शौचानंतर, बाळाचं लंगोट बदलल्यावर, जेवणाआधी आणि घरात कुणाला जुलाब होत असतील तर साबणच. २० सेकंद चोळा. अंगठा आणि नखांखालची जागा हमखास राहून जाते, तिकडे खास लक्ष द्या. पाणी नसेल तेव्हा सॅनिटायझर उत्तमच, फक्त हात कोरडे होईपर्यंत चोळत राहा.

एक मात्र लक्षात ठेवा, हात धुतल्याने प्रत्येक आजार थांबत नाही. गोवर हवेतून पसरतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. तिथे लसच हवी. मलेरियासाठी डासांचा बंदोबस्त. मधुमेह तर जंतूंमुळे होतच नाही, त्या रुग्णापासून लांब बसण्याचं काहीच कारण नाही.